फोडायला शिकवणारा वर्ग

1974 साल, वर्षअखेरचं सत्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संकुलात प्राध्यापक लान्स हॉफमन संगणक-सुरक्षेवर एक कोर्स शिकवत होते, क्रमांक सीएस 244. प्रोजेक्टसाठी राल्फ मर्कल नावाच्या विद्यार्थ्याने दोन कल्पना लिहून दिल्या. एक होती माहिती कमी जागेत बसवण्याची. ती सरांना बरी वाटली. दुसरी मात्र त्यांना भलतीच गोंधळाची वाटली. मर्कलने ती सोपी करून पुन्हा लिहून दिली, तरी गाडी पुढे सरकेना. शेवटी त्याने कोर्स सोडला आणि कल्पना धरून ठेवली.

त्याचा प्रश्न असा होता. दोन माणसं एकमेकांना कधीच भेटलेली नाहीत. त्यांच्यामध्ये एकच तार आहे आणि तिसरा माणूस त्या तारेवरचं अक्षर न् अक्षर ऐकतो आहे. त्याच तारेवर बोलून त्या दोघांना आपसात एक गुपित ठरवता येईल का, असं की सगळं ऐकूनही तिसऱ्याला ते कळू नये?

कुणीही म्हणेल, कसं शक्य आहे? हजारो वर्षं गुप्त लिपी वापरणाऱ्या प्रत्येक राजाने, सेनापतीने आणि वकिलातीने हेच गृहीत धरलं होतं की किल्ली आधी गुपचूप पोहोचवावी लागते. विश्वासू दूत, सीलबंद पाकीट, काहीतरी हवंच. मर्कलने हे गृहीत मानलं नाही. सुरक्षेचा कोर्स म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगली सुरुवात मला सापडत नाही. जे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे त्यावर बोट ठेवून ‘हे खरंच असंच आहे का?’ असं विचारायची सवय लावणारा हा अभ्यासक्रम आहे.

मर्कलचं उत्तर सरळ होतं. सुरक्षेच्या पुस्तकांत पात्रांची नावं ठरलेली असतात: ॲलिस, बॉब आणि चोरून ऐकणारी ईव्ह. समजा, ॲलिसने दहा लाख कोडी तयार केली. प्रत्येक कोडं सोडवायला संगणकाला एक मिनिट लागतं, आणि सुटलं की आत दोन गोष्टी मिळतात, एक ओळख क्रमांक आणि एक किल्ली. ॲलिस दहाही लाख कोडी उघड्या तारेवर, क्रम पिसून पाठवते. बॉब त्यातलं कुठलंही एक उचलतो, मिनिटभरात सोडवतो आणि आतला ओळख क्रमांक तारेवर उघड सांगतो. कोडी ॲलिसनेच रचलेली असल्यामुळे तो क्रमांक कुठल्या किल्लीचा, हे तिला ठाऊक असतं. झालं, दोघांकडे एकच किल्ली आली. ईव्हला क्रमांक ऐकू आला खरा, पण तो कुठल्या कोड्यात दडला आहे ते तिला माहीत नाही. सरासरी पाच लाख कोडी सोडवल्याशिवाय तिला तो सापडणार नाही. पाच लाख मिनिटं म्हणजे 347 दिवस. बॉबचं काम एका मिनिटाचं, ईव्हचं जवळजवळ वर्षाचं, आणि लपवलेलं तर काहीच नाही.

मर्कलचा हा लेख छापून यायला 1978 चा एप्रिल उजाडला. दरम्यान स्टॅनफर्डमध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन याच प्रश्नाच्या मागे लागले होते आणि त्यांना कितीतरी देखणी वाट सापडली होती. ती 1976 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. मर्कल पुढे पीएचडीसाठी हेलमन यांच्याकडेच गेला, आणि या पद्धतीला तिघांचं नाव द्यायला हवं होतं असं हेलमन यांनीच नंतर म्हटलं.

ती वाट इथेच चालून पाहू. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरेल.

दोन संख्या जगजाहीर: 17 आणि 3. ॲलिस मनात एक संख्या धरते, 4. ती 3 चा चौथा घात काढते, 81, त्याला 17 ने भागते आणि बाकी उरते ती, म्हणजे 13, बॉबला उघड सांगते. बॉबच्या मनात 6 आहे. 3 चा सहावा घात 729, त्याला 17 ने भागल्यावर बाकी 15. तोही 15 उघड सांगतो. आता ॲलिस बॉबच्या 15 चा आपल्या मनातला चौथा घात काढते: 50,625. 17 ने भागा, बाकी 16. बॉब ॲलिसच्या 13 चा सहावा घात काढतो: 48,26,809. 17 ने भागा. बाकी 16.

दोघांच्या हातात 16 आला आणि तो तारेवरून एकदाही गेलेला नाही. ईव्हने 17, 3, 13 आणि 15 एवढंच ऐकलं. कागदावर हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी येतो, कितीही वेळा केलं तरी.

17 सारखी चिमुकली संख्या असेल तर ईव्ह सगळे पर्याय पाहून 4 आणि 6 शोधून काढेल. म्हणून प्रत्यक्षात 17 च्या जागी 2048 बिटांची, म्हणजे 617 अंकी मूळ संख्या घेतात. घात करून बाकी काढणं संगणकाला तेव्हाही क्षणाचं काम असतं. बाकीवरून घात शोधणं मात्र आजच्या संगणकांना झेपत नाही. घात झटपट शोधण्याची रीत असूच शकत नाही, हे मात्र आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. पन्नास वर्षं जगभरचे गणिती प्रयत्न करताहेत आणि कुणाला सापडलेली नाही, एवढाच आधार आहे. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या संभाषणाची किल्ली याच कुळातल्या गणिताने ठरते. तिथे घातांऐवजी वक्रावरचे बिंदू असतात, पण चाल तीच.

आता वर्गात एखादी चौकस मुलगी हात वर करते. सर, पण पलीकडे बॉबच आहे हे ॲलिसला कसं कळलं?

प्रश्न बिनतोड आहे. ईव्ह नुसती ऐकत न बसता मध्येच उभी राहिली, ॲलिसला म्हणाली मी बॉब आणि बॉबला म्हणाली मी ॲलिस, तर वरचं सगळं गणित अचूक चालेल आणि तरीही दोघं फसतील. गुपित ठरवणं आणि समोरचा कोण आहे हे ओळखणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. ब्राउझर ज्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या जोरावर बँकेचं संकेतस्थळ खरं मानतो, ती या दुसऱ्या कामासाठी असतात. पुण्याच्या वाचकाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना ‘पैसे द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं बँकेच्या मूळ यंत्रणेने सांगायचं असतं. चोरांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा बसवली आणि ती ‘द्या, द्या’ म्हणत राहिली. 28 देशांतल्या एटीएममधून नोटा बाहेर पडत गेल्या. उत्तर आलं, पण ते कुणाकडून आलं? पाठ्यपुस्तकात हा अर्ध्या पानाचा मुद्दा असतो.

गणिताचा भाग इथे थांबवतो, कारण विद्यार्थ्यांचे डोळे खरे चमकतात ते प्रयोगशाळेत. सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक वेन्लियांग डू यांनी 2002 पासून ‘सीड लॅब्ज’ नावाने सुरक्षेच्या प्रयोगांचा मोठा संच रचत आणला आहे, आणि जगभरची महाविद्यालयं तो वापरतात. त्यातला बफर ओव्हरफ्लोचा प्रयोग मी कुणालाही सर्वात आधी दाखवेन.

सी भाषेतला एखादा साधा प्रोग्राम घ्या. तो तुमचं नाव विचारतो आणि ते ठेवायला स्मृतीत, समजा, शंभर अक्षरांची जागा राखतो. त्या जागेच्या जवळच, पुढच्या बाजूला, संगणकाने स्वतःसाठी एक आकडा लिहून ठेवलेला असतो: हे काम आटोपलं की परत कुठल्या पत्त्यावर जायचं. पोस्टातल्या फॉर्मवर तुमच्या नावाची चौकट आणि तिला लागूनच ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ अशी चौकट असते, तसं समजा. तुम्ही नाव इतकं लांबलचक लिहिलंत की अक्षरं पुढच्या चौकटीत घुसली, आणि कारकुनाने ती आपल्याच साहेबाची नोंद समजून वाचली, तर?

विद्यार्थी नावाच्या जागी इंग्रजी कॅपिटल ‘ए’ हे अक्षर दोनशे वेळा टाइप करतो. प्रोग्राम कोसळतो. तो का कोसळला हे डीबगरमध्ये, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावू देणाऱ्या साधनात, पाहिलं तर संगणक 41414141 या पत्त्यावर जायला निघालेला दिसतो. हा आकडा कुठून आला? संगणकाच्या लेखी ‘ए’ म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला 41. म्हणजे विद्यार्थ्याने नाव म्हणून जी अक्षरं दिली, तीच संगणकाने पत्ता म्हणून वाचली! आता ‘ए’ऐवजी विचारपूर्वक निवडलेले आकडे भरले, की संगणक विद्यार्थी म्हणेल तिथे जाईल आणि तो म्हणेल ते करील. माहिती आणि आज्ञा यांत यंत्राच्या आत कसलीही भिंत नसते, दोन्ही नुसते आकडेच. हे वाक्य पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही, ते 41414141 दिसताच कळतं.

याच खिडकीतून 1988 च्या 2 नोव्हेंबरला इंटरनेटवरचा पहिला मोठा हल्ला शिरला. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक आपोआप पसरणारा प्रोग्राम लिहून एमआयटीतल्या संगणकावरून सोडून दिला. ‘फिंगर’ नावाच्या सेवेत 512 अक्षरांची जागा होती, त्याने 536 पाठवली. वरच्या 24 अक्षरांनी घात केला. त्याचा प्रोग्राम सोपे पासवर्डही ओळखून काढत असे. आणि पासवर्ड गुप्त रूपात कसे साठवावेत यावर 1979 मध्ये केन थॉम्प्सन यांच्यासह मूलभूत लेख लिहिणारे रॉबर्ट मॉरिस हे या मुलाचे वडील! हल्ल्याच्या वेळी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

एका संगणकावर आपली प्रत आधीच आहे का, हे तो प्रोग्राम विचारत असे. पण कुणी खोटंच ‘आहे’ म्हणेल या भीतीने, होकार आला तरी दर सातातून एकदा तो तिथे बसायचाच. हे प्रमाण फार जास्त ठरलं. एकेका यंत्रावर प्रतींची गर्दी होऊन यंत्रं गुदमरली. त्या वेळच्या सुमारे 60,000 संगणकांपैकी 6,000 बाधित झाले असा अंदाज सांगितला जातो. मॉरिस दोषी ठरला. तीन वर्षांची प्रोबेशन, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड अशी शिक्षा त्याला झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. हल्ल्याच्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीसाठी पहिलं पथक उभं राहिलं. भारताची सर्ट-इन ही याच परंपरेतली संस्था.

बचाव कसा करतात, हेही त्याच प्रयोगात येतं. नावाची जागा आणि परतीचा पत्ता यांच्यामध्ये एक गुप्त आकडा पेरून ठेवायचा, आणि परत फिरण्याआधी तो जागेवर आहे का ते पाहायचं. कुणी ओसंडून लिहिलं असेल तर पत्त्यापर्यंत पोहोचण्याआधी तो आकडा पुसला गेलेला असणार. 1998 च्या ‘स्टॅकगार्ड’ या साधनाने ही युक्ती रुजवली आणि आज बहुतेक कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी साधनं, ती सहज पुरवतात. सीड लॅबमध्ये आधी हा पहारा मुद्दाम बंद करायला सांगतात, मग हल्ला करायला, मग पहारा चालू करून तोच हल्ला फसताना पाहायला. शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

या सगळ्या अभ्यासात मला सर्वात जास्त हलवून सोडणारं वाचन मात्र तीनच पानांचं आहे. युनिक्स या कार्यप्रणालीच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सन यांचं ट्युरिंग पुरस्काराच्या वेळचं भाषण, 1984 साली छापलेलं. त्यांनी दाखवून दिलं की कंपायलरमध्येच चोरवाट पेरता येते. म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणाराच फितूर. तुमचा प्रोग्राम ओळ न् ओळ स्वच्छ असला तरी तयार होणारं यंत्रातलं रूप दूषित. बरं, कंपायलरचा मजकूर तपासावा तर तोही स्वच्छ करून ठेवता येतो, कारण कंपायलर स्वतःचीच पुढची आवृत्ती घडवताना ती चोरवाट तिच्यात गुपचूप सोडतो. कुठेही लिहिलेली नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या उतरते! ते वाचून झाल्यावर विद्यार्थी गप्प बसतात आणि मग कुणीतरी विचारतं, मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

याचं एक उत्तर संगणकाच्या जन्माआधीचं आहे. 1883 मध्ये पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारे ओग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लिहून ठेवलं की गुप्त लिपीची यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज बँकांपासून वाय-फायपर्यंत सगळीकडे वापरली जाणारी एईएस ही पद्धत अशीच घडली. अमेरिकेच्या मानक संस्थेने 1997 मध्ये खुलं आवाहन केलं, 15 रचना रिंगणात उतरल्या, आणि जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाने त्या फोडून दाखवाव्यात असं सांगितलं गेलं. 2000 मध्ये निवड झाली ती योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तरुणांच्या रचनेची. तिचं पान न् पान छापलेलं आहे, आणि ते वाचून चोराला काडीचा उपयोग होत नाही.

जी रचना कुणालाही पाहायला दिली जात नाही, तिच्याविषयी सुरक्षेच्या अभ्यासकाला पहिली शंका येते. मला वाटतं, या विषयाने माणसाच्या विचारात घातलेली ही सर्वात मोलाची भर आहे.

शिवाय हा विषय थांबत नाही. मोठ्या क्वांटम संगणकापुढे वरचं घात-बाकीचं गणित टिकणार नाही हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. असा संगणक अजून उभा राहिलेला नाही, पण त्यालाही दाद न देणाऱ्या पद्धतींची पहिली मानकं 2024 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली. आज दुसऱ्या वर्षात असलेली मुलं नोकरीला लागतील तेव्हा जगातली जुनी कुलपं बदलण्याचं काम त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

मर्कलसारखं काही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनीही केलेलं आहे. आयआयटी कानपूरमध्ये 2002 च्या ऑगस्टमध्ये मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन विद्यार्थ्यांसह सिद्ध केलं की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि जलद ठरवता येतं. या प्रश्नाने मोठमोठ्या गणितज्ञांना झुलवलं होतं, आणि ती दोन मुलं नुकतीच बीटेकचा प्रोजेक्ट संपवून उठली होती. 2006 मध्ये तिघांना गोडेल पुरस्कार मिळाला. रोजच्या वापरात आजही याहून वेगवान, पण किंचित शंकेला वाव ठेवणाऱ्या कसोट्या लावतात. तरी खात्रीची वाट आहे, हे कानपूरहून कळलं.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत ‘क्रिप्टोग्राफी अँड सिस्टिम सिक्युरिटी’ हा पेपर असतो. स्टॉलिंग्ज आणि फरोझान यांच्या जाडजूड पुस्तकांच्या जोडीला अतुल कहाते यांचं पुस्तक मुलांच्या हातात दिसतं. अभ्यासक्रमात वर सांगितलेलं बरंचसं आहे. उणीव दिसते ती शिकवण्यात. मूळ संख्या आणि घात यांचं गणित परीक्षेतला एक प्रश्न होऊन बसतं, आकृत्या पाठ केल्या जातात, जर्नल एकमेकांचं पाहून उतरवलं जातं, आणि 41414141 हा आकडा पडद्यावर एकदाही न पाहता मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात. हे मला फार लागतं. कारण हा विषय हाताने फोडून, मग हातानेच दुरुस्त करून शिकायचा आहे. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. सीड लॅब्ज मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर आभासी यंत्रात चालतात. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. जालन्यातल्या मुलीला आणि स्टॅनफर्डमधल्या मुलाला आज तोच प्रयोग करता येतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच तासाला सांगायला हवी. प्रयोग फक्त स्वतःच्या यंत्रावर, किंवा मालकाच्या लेखी परवानगीनेच करायचे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘नुसतं बघत होतो’ या उत्तराने सुटका होईलच असं नाही.

तुमच्या घरात कुणी संगणक शिकत असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्याला किंवा तिला बफर ओव्हरफ्लोचा तो प्रयोग करायला सांगा आणि शेजारी बसून बघा. तुम्ही प्राध्यापक असाल, तर पुढच्या सत्रात एक तरी प्रॅक्टिकल असं ठेवा की ज्याचं उत्तर जर्नलमधून उतरवता येणार नाही. आणि एखाद्या विद्यार्थ्याने गोंधळलेला प्रस्ताव आणून दिला, तर तो दुसऱ्यांदा नीट वाचा.